पावलाची कमान

न्हाणीतून बाहेर येताना आईच्या पावलांचे ओले ठसे फरशीवर उमटत. साठीनंतर उजवा ठसा बदलला. पूर्वी आतली बाजू कोरडी राहायची, आता अख्खा तळवा टेकू लागला. आतल्या घोट्याखाली सूज होती. ‘वयाचे दुखणे’ म्हणत आम्ही दोन वर्षे तेल चोळले. त्या दोन वर्षांची किंमत काय, हे शोधता शोधता हा विषय हाती लागला.

जन्मापासूनचे सपाट पाऊल बहुधा त्रास देत नाही. उतारवयात एकाच पायाची कमान खचू लागली, तर मात्र बहुतेकदा दोष एका कंडरेचा, म्हणजे टेंडनचा असतो. पोटरीतून निघून आतल्या घोट्यामागून वळसा घेत ती पावलाच्या हाडांना बिलगते आणि कमान तोलून धरते. १९८९ साली जॉन्सन आणि स्ट्रॉम यांनी तिच्या ऱ्हासाच्या तीन अवस्था मांडल्या. पहिलीत कंडरा सुजते, पण पावलाचा आकार टिकून असतो. दुसरीत ती ताणून लांबते, कमान बसते. तरी हाताने पाऊल सरळ करता येते. तिसरीत सांधेच आखडतात.

शस्त्रक्रियेची निवड यावरच ठरते. पाऊल लवचिक असेल, तर बोटे वाकवणारी शेजारची कंडरा निकामी कंडरेच्या जागी जोडतात आणि टाचेचे हाड कापून सुमारे १ सेंटिमीटर आत सरकवतात. सांधे शाबूत राहतात. पाऊल आखडले असेल, तर घोट्याखालचे तीन सांधे कायमचे जोडावे लागतात. ही शस्त्रक्रिया एडविन रायर्सन यांनी १९२३ मध्ये वर्णिली. सांध्यातली कूर्चा खरवडून हाडाला हाड स्क्रूने आवळतात. मोडलेले हाड जुळावे तशी ती काही महिन्यांत एकजीव होतात. वेदना शमते, घोटा वरखाली हलतो. पण पावलाचे आत-बाहेर कलणे जाते. खडबडीत जमिनीशी पाऊल जुळवून घेते ते याच कलण्यामुळे. तो ताण पुढे घोट्यावर येतो.

आईचे तीन सांधे जोडले. आता ती घरात, रस्त्यावर न लंगडता चालते. शेताच्या बांधावर मात्र माझा हात धरते.

कसोटी सोपी होती. भिंतीला हात टेकून एका पायावर उभे राहायचे आणि टाच उचलायची. कंडरा निकामी होत असेल, तर टाच उचलता येत नाही किंवा कळ येते. आम्ही ती दोन वर्षे उशिरा करून पाहिली.