चार दोऱ्यांचा पतंग

पतंग म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें संक्रांतीचे दिवस, गच्चीवरील आरडाओरड आणि बोटांतून सरसर सुटणारा मांजा हीं उभीं राहतात. हा पतंग एकाच दोरीवर उडतो, आणि त्याला वळविण्याची सारी कला ओढ व ढील या दोहोंत सांठविलेली असते. परंतु पतंगांची आणखीहि एक जात आहे. तिला एक नव्हे, दोन नव्हे, चार दोऱ्या असतात. आणि ती उडविणाराच्या इच्छेप्रमाणें पुढें जाते, मागें येते, जागच्या जागीं गिरकी घेते व मनांत आणल्यास हवेंत एका ठिकाणीं स्तब्ध उभी राहते. या पतंगाची रचना कशी असते आणि तो उडविण्यास आरंभ कसा करावा, हें प्रस्तुत लेखांत सांगण्याचें योजिलें आहे.

चार दोऱ्यांची कल्पना तशी जुनी आहे. १८९९ सालच्या उन्हाळ्यांत अमेरिकेंतील डेटन या गांवीं विल्बर राइट यानें सुमारें पांच फूट रुंदीचा, एकावर एक असे दोन पंख असलेला पतंग उडविला. हवेंत चढलेल्या यंत्राचा तोल कसा सांभाळावा, हा प्रश्न त्या वेळीं त्याच्यापुढें होता. सायकलीच्या दुकानांत पुठ्ठ्याची एक लांबट रिकामी पेटी हातांत सहज पिळीत असतां त्याला सुचलें कीं, पंखांनाहि असाच पीळ देतां आला तर एक बाजू वर उचलली जाईल व दुसरी खालीं येईल. हें पडताळून पाहण्यासाठीं त्यानें पतंगाच्या चार दोऱ्या दोन काठ्यांच्या टोकांना बांधल्या व एकेका हातांत एकेक काठी धरिली. काठ्या परस्परविरुद्ध कलविल्या कीं पंखांना पीळ पडे व पतंग एका अंगास कले. कल्पना खरी ठरली. आणि पुढें १७ डिसेंबर १९०३ रोजीं राइट बंधूंचें जें विमान उडालें, त्याचा तोल याच युक्तीनें सांभाळला गेला.

खेळासाठीं आज जो चार दोऱ्यांचा पतंग वापरतात, त्याचें प्रचलित रूप १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियांतील सॅन डिएगो येथें हॅडझिकी बंधूंनीं सिद्ध केलें. ‘रेव्होल्यूशन’ हें त्याचें नांव. हा पतंग सुमारें आठ फूट रुंद व अडीच फूट उंच असतो. त्याचें शीड पातळ पण सहसा न फाटणाऱ्या नायलॉनच्या कापडाचें असतें. वरच्या कडेंत एक लांब काठी व डाव्या-उजव्या अंगांस दोन उभ्या काठ्या, एवढाच त्याचा सांगाडा. त्याला ना मधला कणा, ना शेपूट.

पतंगाच्या प्रत्येक अर्ध्या भागास दोन दोऱ्या असतात, एक वरून व एक खालून. डाव्या अंगाच्या दोन्ही दोऱ्या डाव्या हातांतील मुठीस व उजव्या अंगाच्या दोन्ही उजव्या मुठीस बांधतात. मूठ सुमारें फूटभर लांब असून तिच्या वरच्या टोकास वरची व खालच्या टोकास खालची दोरी असते. मुठीचें वरचें टोक आपल्याकडे ओढलें कीं पतंगाची वरची कड आपल्याकडे झुकते; शिडावर आदळलेला वारा खालच्या कडेनें निसटतो आणि पतंग वरच्या कडेच्या दिशेनें सरकतो. खालचें टोक ओढलें तर याच्या अगदीं उलट घडतें व पतंग मागें येतो. दोहोंचा समतोल साधला कीं तो थांबतो. एक मूठ पुढच्या व दुसरी मागच्या चालीस लाविली, तर तो जागच्या जागीं फिरतो. या चार वाक्यांत या पतंगाचें सर्व शास्त्र आलें; पुढें उरतो तो अभ्यास.

आरंभ करणारानें प्रथम वारा पाहावा. झाडांचीं पानें व बारीक डहाळ्या सतत हलत आहेत आणि हलकें निशाण पसरून राहिलें आहे, असा ताशीं १२ ते १९ किलोमीटरांचा वारा उत्तम. याहून मंद वाऱ्यांत नवशिक्याचा पतंग वारंवार खालीं बसतो, व जोराच्या वाऱ्यांत तो हातांस विचार करण्यास अवसर देत नाहीं. वाऱ्याच्या जोरापेक्षांहि त्याचा एकसारखेपणा महत्त्वाचा. घरें व झाडें यांच्या आडोशास वारा घोटाळतो, भोंवरे घेतो. म्हणून मोकळें मैदान किंवा समुद्राकडून वारा येत असतांना वाळूचा किनारा हीं स्थळें योग्य होत.

यानंतर दोऱ्यांची तयारी. चारी दोऱ्या लांबीनें तंतोतंत सारख्या असाव्यात. एकीची लांबी दोन बोटें कमी पडली तरी पतंग सारखा एका अंगास वळूं लागतो, आणि शिकणारास वाटतें कीं आपलाच हात चुकत आहे. आरंभीं पंचवीस मीटर लांबी पुरेशी होते. मुठीवर दोरी अडकविण्यासाठीं जो लहान धागा असतो त्याला अनेक गांठी मारलेल्या असतात. वरची दोरी बाहेरच्या गांठीस अडकविली म्हणजे ती थोडी सैल होते व खालच्या दोरीचा लगाम अधिक लागतो. नवशिक्यानें असेंच करावें. वरच्या दोऱ्या आंखूड राहिल्या तर पतंग उधळलेल्या घोड्याप्रमाणें पुढेंच धांवतो व त्यास थांबवितां येत नाहीं. पतंग ठेवून दूर जातांना त्याची वरची कड जमिनीस टेकवावी आणि मुठी जमिनींतील खुंटीस अडकवाव्यात, म्हणजे तो आपोआप उडत नाहीं.

आतां प्रत्यक्ष उड्डाण. पतंग वरची कड वर करून उभा करावा. वारा पाठीवर घ्यावा, कोपरें अंगाजवळ ठेवावींत आणि आंगठे मुठीच्या माथ्यावर टेकावेत. दोन्ही आंगठे एकदम आपल्याकडे ओढून एक पाऊल मागें घेतलें कीं पतंग उठतो. येथें आकाशांत उंच जाण्याचा मोह होतो, तो आवरावा. पुरुषभर उंची गांठतांच करंगळीकडील टोकें हळूच ओढून पतंग थांबवावा आणि तसाच मागें मागें आणून पुन्हां जमिनीवर उभा करावा. हा एकच धडा वीस वेळां गिरवावा. पुढें उंची वाढवावी. मग डावीकडे व उजवीकडे चतुर्थांश वळण घेऊन थांबावें. आणि शेवटीं वरची कड जमिनीकडे करून, म्हणजे पतंग उलटा धरून, त्यास स्थिर ठेवण्याचा यत्न करावा. प्रत्येक चालीचा शेवट थांबण्यांत व्हावा, हा नियम सोडूं नये.

एक संवय मात्र मोडावी लागते. पतंग कोसळूं लागला कीं मनुष्य स्वाभाविकपणें दोन्ही हात जोरानें मागें खेंचतो. एका दोरीच्या पतंगास ओढ देऊन वांचविण्याची संवय ज्याला आहे, त्याचे हात तर हटकून तसें करतात. परंतु येथें खेंचल्यानें वेग वाढतो व काठी मोडते. अशा वेळीं दोन्ही हात पुढें सोडून एक-दोन पावलें पतंगाकडे चालून जावें, म्हणजे त्याचें बळ ओसरतें. या पतंगाचें काम मनगटांचें आहे, खांद्यांचें नव्हे. दोऱ्यांना दोन-तीन पीळ पडले तरी घाबरूं नये. त्या गुळगुळीत असल्यामुळें एकमेकींवरून सरकतात, व उलट दिशेनें गिरक्या घेतल्या कीं पीळ सुटतो.

पालकांसाठीं दोन शब्द. आपल्या पतंगांच्या हंगामांत मांजानें पक्षी व माणसें जखमी होतात, प्रसंगीं प्राणासहि मुकतात. म्हणूनच ११ जुलै २०१७ रोजीं राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें नायलॉनच्या व तत्सम कृत्रिम धाग्यांच्या मांजावर देशभर बंदी घातली. चार दोऱ्यांच्या पतंगांत कोणाचा पतंग कापावयाचा नसतो, दोरीस कांच लावावयाची नसते, कटलेल्या पतंगामागें गच्चीच्या कठड्यावरून धांवावयाचें नसतें. उडविणाराचे पाय जमिनीवर असतात. तरी हा खेळ निर्धोक आहे असें मात्र समजूं नये. ताणलेली बारीक दोरी कातडी कापूं शकते. म्हणून ती हातांत धरूं नये, व पतंगाखालून अथवा दोऱ्यांजवळून कोणासहि जाऊं देऊं नये. विजेच्या तारा, रहदारीचा रस्ता व विमानतळ यांपासून दूरच राहावें, आणि आकाशांत मेघगर्जना ऐकूं येतांच पतंग उतरवावा. पहिले कांहीं दिवस वडील माणसानें मुलाजवळ उभें राहावें हें बरें.

उंच चढणारा पतंग पाहून सर्वांनाच आनंद होतो. पण ज्यानें हा पतंग हातीं धरिला आहे, त्याचा खरा आनंद वेगळ्याच क्षणीं असतो. वारा वाहत आहे, शीड भरलें आहे, चारी दोऱ्या ताणल्या आहेत, आणि आठ फुटांचा पतंग जमिनीपासून हातभर उंचीवर न हलतां उभा आहे. तो वाऱ्याच्या बळानें तेथें आला खरा. परंतु तेथें ठरला तो उडविणाराच्या आवरानें. हें ज्याला साधलें त्याला पुढील सर्व कसरती आपोआप साधतात. म्हणून शिकणारानें आधीं थांबावयास शिकावें, धांवणें मागाहून येतेंच.