केंद्रीय अनुदान आणि स्थानिक नियोजन : महाड व पोलादपूर तालुक्यांच्या संदर्भात

स्थानिक स्वराज्य संस्थांच्या अर्थव्यवहाराचा विचार करताना एक विसंगती प्रथमच नजरेस येते. गरज खाली, गावात व वस्तीत निर्माण होते. तिची पूर्ती करणारा पैसा मात्र बहुतांशी वरून येतो. घरपट्टी व पाणीपट्टी यांच्या उत्पन्नावर लहान ग्रामपंचायतीचा नित्याचा खर्चही भागत नाही, मग नवे काम दूरच राहिले. अशा स्थितीत केंद्राकडून येणारे अनुदान हेच विकासकार्याचे प्रमुख साधन ठरते. हे अनुदान कोणत्या सूत्राने वाटले जाते, त्याच्या खर्चाचा आराखडा कसा तयार होतो आणि त्या आराखड्यात स्थानिक गरजेचे प्रतिबिंब कितपत उमटते, ह्या तीन प्रश्नांचा विचार रायगड जिल्ह्यातील महाड व पोलादपूर ह्या तालुक्यांच्या संदर्भात येथे करावयाचा आहे.

ह्या प्रदेशाची निवड सहेतुक आहे. महाड ही जुनी नगरपालिका असलेली बाजारपेठ. तिच्याजवळच रासायनिक कारखान्यांची मोठी औद्योगिक वसाहत उभी आहे. पोलादपूर हा सह्याद्रीच्या कुशीतील विरळ वस्तीचा डोंगराळ तालुका. सावित्री नदी महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावून पोलादपूर तालुक्यातून महाडास येते. तेथे तिला गांधारी मिळते आणि पुढे बाणकोटच्या खाडीवाटे ती समुद्रास जाते. पावसाळ्याचे चार महिने ह्या खोऱ्यात पाणी मावत नाही, आणि चैत्र-वैशाखात डोंगरावरील वाड्यांना टँकरची वाट पहावी लागते. एकाच खोऱ्यात संपन्नता व टंचाई, शहर व वाडी शेजारी शेजारी असल्यामुळे अनुदानपद्धतीचे गुणदोष येथे स्पष्ट दिसतात.

(१) अनुदानपद्धतीचा विकास

ग्रामविकासासाठी केंद्राने पद्धतशीर पैसा देण्याची सुरुवात २ ऑक्टोबर १९५२ रोजी सुरू झालेल्या सामूहिक विकास कार्यक्रमापासून मानली जाते. विकासगट हा त्याचा घटक, आणि गटविकास अधिकारी हा त्याचा सूत्रधार. ह्या कार्यक्रमात लोकांचा पुढाकार अपेक्षेइतका दिसला नाही, असा निष्कर्ष बलवंतराय मेहता समितीने १९५७ मध्ये काढला आणि निर्णयाचा अधिकार लोकनियुक्त संस्थांकडे सोपविण्याची शिफारस केली. महाराष्ट्राने १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम करून १ मे १९६२ पासून ही व्यवस्था अंमलात आणली.

तरीही तीस वर्षे अनुदान हे योजनानिहायच राहिले. १९९२ च्या त्र्याहत्तराव्या व चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्त्यांनी हे चित्र पालटले. त्या १९९३ पासून अंमलात आल्या. ग्रामपंचायतींसाठी २९ व नगरपालिकांसाठी १८ विषयांच्या अनुसूची घटनेस जोडल्या गेल्या. दर पाच वर्षांनी राज्य वित्त आयोग नेमण्याचे बंधन आले. आणि राज्याच्या निधीस पूरक म्हणून स्थानिक संस्थांना काय द्यावे हे सुचविण्याचे काम केंद्रीय वित्त आयोगाकडे आले. म्हणजे अनुदान हे कृपेचे दान न राहता घटनात्मक व्यवस्थेचे अंग बनले.

चौदाव्या वित्त आयोगाने २०१५-२० ह्या काळासाठी पंचायतींकरिता २,००,२९२ कोटी व नगरपालिकांकरिता ८७,१४४ कोटी रुपये सुचविले, आणि ग्रामीण भागाची सर्व रक्कम थेट ग्रामपंचायतींना दिली. पंधराव्या आयोगाने २०२१-२६ साठी ग्रामीण संस्थांना २,३६,८०५ कोटी व नागरी संस्थांना १,२१,०५५ कोटी रुपयांची शिफारस केली आणि तिन्ही स्तरांना पुन्हा वाटा दिला. महाराष्ट्रात ही विभागणी ग्रामपंचायतीस ८० टक्के आणि पंचायत समिती व जिल्हा परिषद यांस प्रत्येकी १० टक्के अशी करण्यात आली.

(२) वाटपाचे सूत्र आणि डोंगराचा हिशेब

राज्याराज्यांत ही रक्कम वाटताना पंधराव्या आयोगाने लोकसंख्येस ९० टक्के व क्षेत्रफळास १० टक्के महत्त्व दिले. राज्यांतर्गत वाटप राज्य वित्त आयोगाच्या शिफारशीनुसार व्हावे आणि तशी शिफारस नसल्यास हेच प्रमाण लावावे, असे ठरले. लोकसंख्या अर्थातच २०११ च्या जनगणनेची.

हे सूत्र सोपे आहे, आणि त्यात पक्षपातास वाव नाही हा त्याचा मोठा गुण होय. परंतु ते माणसे मोजते, खर्च मोजत नाही. सपाटीवरील एका सलग गावात नळ पोहोचविण्यास लागणारा खर्च आणि तितकीच लोकसंख्या पाच वाड्यांत, एखाद्या कोंडात व डोंगरमाथ्यावरील धनगरवाड्यात विखुरली असता लागणारा खर्च यांत मोठे अंतर असते. पाईप लांब टाकावा लागतो, पाणी अधिक उंचीवर चढवावे लागते, रस्ता दर पावसाळ्यात खचतो. दरडोई समान रक्कम मिळूनही दरडोई समान सोय होत नाही.

दुसरी अडचण स्थलांतराची. पोलादपूर तालुक्याची लोकसंख्या २००१ च्या तुलनेने २०११ मध्ये घटली. कर्ती माणसे मुंबई-ठाण्याकडे गेली. परंतु घरे, रस्ते, विहिरी व म्हातारी माणसे गावातच राहिली. गणपतीत व मे महिन्यात हीच चाकरमानी मंडळी परततात, तेव्हा पाण्याची मागणी एकदम वाढते; आणि मे महिना तर टंचाईचाच. जनगणनेस न दिसणारी ही लोकसंख्या पाणी मात्र पिते.

तिसरी गोष्ट स्वतःच्या उत्पन्नाची. औद्योगिक वसाहतीलगतच्या ग्रामपंचायतींना कारखान्यांच्या बांधकामांवरील कराचा वाटा मिळतो. घाटाखालच्या पंचायतीस असा आधार नाही. अनुदान एकीच्या बाबतीत पूरक ठरते, दुसरीच्या बाबतीत सर्वस्व.

तुलनेसाठी अमेरिकेतील व्यवस्था पहावी. तेथे १९७४ च्या कायद्याने सामूहिक विकासाचे एकत्रित अनुदान सुरू झाले. पन्नास हजारांहून अधिक वस्तीच्या शहरांना ते सामान्यतः थेट मिळते. त्याच्या सूत्रात लोकसंख्येबरोबर दारिद्र्य, घरांतील दाटी व घरांचे वय यांचाही समावेश असतो. आणि किमान ७० टक्के खर्च अल्प व मध्यम उत्पन्नाच्या लोकांच्या हितासाठी व्हावा असे बंधन असते. ती व्यवस्था निर्दोष आहे असे नव्हे. परंतु गरज ही सूत्रात मोजता येते, एवढे तिच्यावरून सिद्ध होते.

(३) बंधित व अबंधित

पंधराव्या आयोगाच्या मूळ अनुदानातील ६० टक्के रक्कम बंधित होती. तिचा निम्मा भाग स्वच्छतेसाठी व निम्मा पिण्याचे पाणी, पर्जन्यजल-संचय व पाण्याचा पुनर्वापर यांसाठी राखून ठेवलेला होता. उरलेली ४० टक्के रक्कम अबंधित. तीतून वेतन व आस्थापना यांवर मात्र खर्च करता येत नसे.

पाण्यासाठी पैसा राखून ठेवणे पोलादपूरसारख्या तालुक्यास हितकारक होय, हे नाकारता येणार नाही. तथापि दोन मर्यादा दिसतात. नळपाणी योजनांच्या उभारणीसाठी २०१९ पासून जलजीवन अभियानाचा स्वतंत्र निधी आला, आणि वित्त आयोगाच्या पैशावर मुख्यतः देखभालीचा भार पडला. २०२१ मध्ये राज्य शासनाने पथदिव्यांची व पाणीपुरवठ्याची वीजबिलेही ह्याच अनुदानातून भरण्याची सूचना केली. तीस अनेक सरपंचांनी विरोध केला. विरोधाचे कारण समजण्यासारखे आहे. जी रक्कम विकासाची म्हणून आराखड्यात दिसते, तिचा काही अंश बिलांतच जातो.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. ह्या खोऱ्यातील सर्वांत मोठा धोका कोणत्याही बंधित शीर्षात बसत नाही. जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यातील दासगाव, जुई, रोहन व कोंडिवते येथे दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ रोजी तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे दगावली. त्याच वेळी पोलादपूर तालुक्यात केवनाळे व साखर सुतारवाडी येथेही जीवितहानी झाली, आणि महाड शहर पुरात बुडाले. दरडीखालील वाडी हलविणे किंवा नदीतील गाळ काढणे ही कामे पंचायतीच्या वा नगरपरिषदेच्या अनुदानाच्या आवाक्यापलीकडची. ती राज्याच्या व आपत्ती निवारण निधीच्या कक्षेत येतात. हे विभाजन तर्कशुद्ध आहे. परंतु त्याचा परिणाम असा होतो की, गावाच्या आराखड्यात गटार असते, पेव्हर ब्लॉक असतात, आणि वाडीवरच्या डोंगराचा उल्लेखच नसतो. वास्तविक पावसाचे पाणी उतारावरून वळविणारा चर, पर्जन्यमापक अथवा सुरक्षित जागेतील समाजमंदिर ही कामे अल्प खर्चाची आहेत. ती सुचत नाहीत याचे कारण पैशाचा अभाव एवढेच नसून, आराखडा धोक्यापासून सुरू न होता शीर्षांपासून सुरू होतो, हे होय.

(४) आराखड्याची वाटचाल

महाराष्ट्रात २०१५ पासून ‘आमचा गाव, आमचा विकास’ ह्या उपक्रमाखाली प्रत्येक ग्रामपंचायतीने पंचवार्षिक व वार्षिक आराखडा करावयाचा असतो. प्रथम वाड्यावस्त्यांची पाहणी, मग महिलासभा, मग ग्रामसभेची मान्यता, असा त्याचा क्रम. पुढे अंदाजपत्रक, तांत्रिक व प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेतील नोंद, पूर्णत्वाचा दाखला आणि शेवटी उपयोगिता प्रमाणपत्र. २०२० पासून आराखडा व जमाखर्च ई-ग्रामस्वराज प्रणालीवर नोंदविला जातो, आणि सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी यांच्या संगणकीय स्वाक्षऱ्यांनी रक्कम ठेकेदाराच्या खात्यात जाते.

ह्या साखळीत पैशाचा माग राहतो, हा लाभ मोठा आहे. मात्र साखळीतील बहुतेक कड्या हिशेबाच्या आहेत. निवडीची कडी एकच, ती म्हणजे ग्रामसभा. ती मुख्य गावात, दिवसा भरते. दोन तासांची पायपीट करून येणारा वाडीतला मनुष्य त्या दिवसाची मजुरी गमावतो. गणसंख्येअभावी सभा तहकूब झाली, तर पुढच्या सभेस गणसंख्येचे बंधन उरत नाही आणि उपस्थितांच्या पसंतीची कामे मंजूर होतात. ह्यात बेकायदा काहीच नसते. परंतु आराखडा मुख्य गावाचा होतो.

नगराची स्थिती याहून वेगळी आणि एका अर्थी अधिक उणी आहे. प्रभाग समित्यांचे घटनात्मक बंधन तीन लक्ष वा अधिक लोकसंख्येच्या नगरांनाच आहे. महाडची लोकसंख्या २०११ मध्ये सुमारे सत्तावीस हजार होती. २००९ च्या राज्य कायद्याने क्षेत्रसभेची तरतूद केली, पण ती व्यवहारात रुजली नाही. पोलादपूर गावाचे नगरपंचायतीत रूपांतर झाल्यावर तेथील नागरिकांनी नगरसेवक मिळविले आणि ग्रामसभा गमावली. शिवाय २०२२ नंतर राज्यातील नगरपरिषदांच्या निवडणुका लांबल्या आणि महाडचा कारभारही २०२५ अखेरच्या मतदानापर्यंत प्रशासकाकडे राहिला. त्या काळात अनुदानाची निवड करणारा लोकनियुक्त सभागृहच अस्तित्वात नव्हते.

(५) अटींची शक्ती आणि मर्यादा

पंधराव्या आयोगाने अनुदानास अटी जोडल्या. जमाखर्च वेळेवर सर्वांना पाहण्यास उपलब्ध करावा, नगरांनी मालमत्ताकराचे किमान दर ठरवावेत व वसुली वाढवावी, ह्या त्यांतील प्रमुख होत. अशा अटींनी काय साधते आणि काय साधत नाही, याचे एक जुने उदाहरण महाडच्याच इतिहासात आहे.

सीताराम केशव बोले यांच्या ठरावानुसार मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचे धोरण स्वीकारले. महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. ठराव झाला, अंमल झाला नाही. १९२६ मध्ये बोले यांनी दुसरा ठराव मांडला. जी नगरपालिका वा लोकल बोर्ड ह्या धोरणाची अंमलबजावणी करणार नाही, तिचे सरकारी अनुदान बंद करावे, असा त्याचा आशय होता. तरीही तळ्याचे पाणी प्रत्यक्षात हाती आले ते २० मार्च १९२७ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांचे सहकारी तळ्यावर गेले तेव्हा. त्यानंतर ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, आणि कायदेशीर हक्काचा निर्णय उच्च न्यायालयात १९३७ साली लागला.

ह्या घटनेचा सामाजिक अर्थ फार व्यापक आहे. अनुदानाच्या अभ्यासकाने तिच्यातून एवढेच घ्यावे की, अट ठराव करवून घेऊ शकते आणि हिशेब मागू शकते. पाणी कोणापर्यंत पोहोचले हे मात्र तिला दिसत नाही. आज उपयोगिता प्रमाणपत्र टाकी बांधल्याची साक्ष देते. वैशाखात त्या टाकीतून शेवटच्या कातकरी वाडीस पाणी मिळाले की नाही, याविषयी ते मौन पाळते.

म्हणून सुधारणेची दिशाही ह्याच ठिकाणी शोधावी लागेल. राज्य वित्त आयोगाने राज्यांतर्गत वाटपात वाड्यांची संख्या, उतार व अंतर यांस स्थान द्यावे. आराखड्याचे पहिले पान धोक्याच्या नकाशाचे असावे. वाडीसभा वाडीतच भरावी, आणि लहान नगरांतही प्रभागसभेस कायद्याचा आधार व प्रत्यक्ष तारीख असावी. कामाच्या पूर्णत्वाचा दाखला अभियंत्याने द्यावा; पण त्याच्या उपयोगितेचा दाखला, काम झाल्यावर येणाऱ्या पहिल्या उन्हाळ्यानंतर, ज्यांच्यासाठी ते झाले त्यांनी द्यावा. ह्यांपैकी कोणत्याही सूचनेस मोठा अधिक निधी लागत नाही. लागते ती, ठराव आणि अंमल यांतील अंतर मोजण्याची तयारी.