भिंतीवरचा फोटो फिका पडू नये म्हणून

टाकवे बुद्रुकहून आम्ही बोलतोय.

आता मोबाइलमधला फोटो आपण घरच्या नाहीतर गटाच्या प्रिंटरवर छापतो, चौकट करतो आणि भिंतीवर लावतो. काही वर्षांतच चेहऱ्याचा रंग उडतो. गेलेल्या माणसाचा घरात तेवढा एकच फोटो असेल, तर ती आठवणच पुसली जाते. म्हणून आज रंग का उडतो आणि काय करायचं, ते पाहू.

पहिली गोष्ट शाईची. प्रिंटरची शाई दोन प्रकारची असते. ‘डाय’ शाई पाण्यात साखर विरघळावी तशी विरघळलेली असते. ‘पिगमेंट’ शाईत रंगाचे बारीक कण असतात, पाण्यात कालवलेल्या हळदीसारखे. डाय शाईचे फोटो चमकदार दिसतात, पण ऊन, हवा आणि ओल यांनी लवकर फिके पडतात. पिगमेंट जास्त टिकते. आपल्याकडे कोणती आहे? साध्या कागदावर लाल-निळा रंग छापा, वाळू द्या आणि ओलं बोट फिरवा. रंग पसरला तर ती डाय. काळ्या रंगावर पाहू नका, कारण काही प्रिंटरमध्ये फक्त काळी शाई पिगमेंटची असते.

याचं उदाहरण आपल्या मावळातच आहे. राजा रविवर्मांचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि पुढे मळवलीला आला. तिथे दगडावरून तेलकट, कणांच्या शाईने छापलेली लक्ष्मी-सरस्वतीची चित्रं अजून जुन्या देवघरांत दिसतात. १९७२ च्या आगीत छापखाना जळाला, पण चित्रं घराघरांत उरली. चांगली शाई आणि अनेक प्रती, हे दोन्ही कामाला आलं.

आता जपणूक.

छापलेला फोटो एक दिवस सावलीत पूर्ण वाळू द्या, मगच चौकटीत घाला. काच फोटोला टेकली तर पावसाळ्यात चिकटते. कडेने जाड पुठ्ठ्याची पट्टी घाला.

खिडकीसमोर, चुलीजवळ किंवा पावसात झिरपणाऱ्या भिंतीवर फोटो लावू नका. दुसरी जागा नसेल तर चौकटीमागे चार कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे मागून हवा खेळेल. ओला हार थेट चौकटीवर घालू नका, पाणी आत उतरतं. उदबत्ती थोडी लांब ठेवा.

लॅमिनेशनने हवा आणि ओल अडते, ऊन अडत नाही. घरातला एकुलता एक जुना फोटो मात्र कधीच लॅमिनेट करू नका, ते पुन्हा काढता येत नाही. चिकट पानांचे अल्बमही टाळा. जुने फोटो कोऱ्या कागदात गुंडाळून डब्यात, कोरड्या जागी ठेवा. मागे नाव आणि साल पेन्सिलने हलकेच लिहा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: भिंतीवर प्रत लावा, मूळ फोटो कपाटात ठेवा. त्याचा उजेडात नीट फोटो काढून निदान दोन मोबाइलमध्ये ठेवा. एक आपला, एक लेकीचा किंवा बहिणीचा. मग भिंतीवरचा फिका पडला तरी पुन्हा छापता येईल.

गटाच्या पुढच्या बैठकीला प्रत्येकीने घरातला एक जुना फोटो आणावा. पावसाळ्याआधी सगळ्यांच्या प्रती करून टाकू.