बाही आखूड, कंबर ढगळ: उंच-शिडशिडीत रायडरच्या लेदर जॅकेटबद्दलचे गैरसमज

हिवाळ्यात रविवारी सकाळी परतवाड्याहून चिखलदऱ्याच्या घाटाला लागलेल्या मोटारसायकली पाहाव्यात. गाडी भारी, हेल्मेट चांगलं. पण पुढे वाकलेल्या उंच पोराच्या अंगातलं जॅकेट मात्र मनगटाच्या वर चढलेलं असतं, मागून कंबर उघडी पडलेली असते आणि पोटापाशी कापड नुसतं फुगत असतं. उंची सहा फूट आणि छाती छत्तीस-अडतीस असेल तर हे हमखास होतं. अशी शेलाट्या अंगाची पोरं आपल्याकडे कमी नाहीत. अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मैदानावर व्हॉलीबॉल किंवा बास्केटबॉल चालू असताना गेलं तरी ते कळतं. तयार जॅकेट त्यांच्या मापाचं सहसा नसतं, आणि दुकानात मिळणारा सल्ला त्यांना हमखास चुकीच्या जॅकेटाकडे नेतो. इथे प्रश्न दिसण्याचा नाही. पडल्यावर कोपर आणि खांदा शाबूत राहतो की नाही, एवढाच आहे.

“दोन नंबर मोठं घ्या ना भाऊ, उंच माणूस हाय तुमी.”

सगळ्यांत महागात पडणारा सल्ला हाच. तयार जॅकेटचा नंबर छातीवर ठरतो, उंचीवर नाही. एक नंबर वाढला की छाती दोन इंचांनी वाढते. बाही वाढते पाव ते अर्धा इंच. म्हणजे बाही दीड इंच कमी पडत असेल आणि ती नंबर वाढवून भरून काढायची ठरवली, तर छातीत किमान सहा इंच जास्तीचे येतात. खांद्याची शिवण दंडावर उतरते, आणि बारीक हाताभोवती बाही मोकळी फिरायला लागते.

बाही फिरते याचा अर्थ आतलं संरक्षक पॅडही फिरतं, आणि खरा धोका तिथेच आहे. या पॅडसाठी ईएन १६२१-१ हे युरोपीय मानक आहे. चाचणीत पॅडवर ठरावीक जोराचा आघात करतात आणि पलीकडे किती बल पोचतं ते मोजतात. लेव्हल १ च्या पॅडमधून सरासरी ३५ किलोन्यूटनपेक्षा जास्त बल पलीकडे जाता कामा नये. लेव्हल २ साठी ही मर्यादा २० आहे. हा फरक मोठा आहे, पण तो उपयोगी पडतो पॅड हाडावर असेल तेव्हाच. दुकानात एक गोष्ट करून पाहा. हात हँडल धरल्यासारखे पुढे करा, कोपर थोडं वाकवा, आणि दुसऱ्या हाताने कोपरावरच्या पॅडची वाटी बाहीवरूनच पकडून पिरगाळा. वाटी कोपराच्या बाजूला सरकली, तर रस्त्यावर घसरताना ती नक्की सरकणार. डांबर बाहीला तुमच्या बोटांपेक्षा कितीतरी जोरात ओढतं. बारीक हाताच्या माणसाने लेदरच्या प्रतीपेक्षाही आधी ही परीक्षा घ्यावी, असं माझं ठाम मत आहे.

लांब हाताची अडचण उलटी असते. बाही फिरत नाही, पण आखूड असल्यामुळे हात पुढे केला की वर ओढली जाते, आणि कोपराचं पॅड दंडावर जाऊन बसतं. काही जॅकेटांत पॅडच्या खिशात वेल्क्रो असतो, त्याने पॅड थोडं खाली घेता येतं. लहान आकाराच्या ‘टाइप ए’ पॅडऐवजी जास्त भाग झाकणारं ‘टाइप बी’ मागून घ्यावं. पाठीचं पॅड घेताना खांद्यापासून कमरेपर्यंतची लांबी मोजावी, कारण त्याचे नंबर त्या लांबीवर असतात.

“लेदर हाय, घालता घालता ढिल्लं होते.”

अर्धं खरं आहे, म्हणूनच फसवं आहे. लेदर अंगाला रुळतं, कोपर आणि खांद्यापाशी थोडं सैलावतं. लांबीला ते वाढत नाही. उलट कोपराच्या आतल्या बाजूला चुण्या पडून पक्क्या झाल्या की बाही होती त्याहून जरा आखूडच भासते. नवीन जॅकेट छातीला घट्ट असेल तर चालेल, चेन ओढून पूर्ण श्वास घेता आला म्हणजे झालं. पण बाही आज अपुरी असेल तर ती पुढेही अपुरीच राहणार.

“आरशात बरोबर दिसलं म्हणजे झालं.”

आरशापुढे माणूस ताठ उभा असतो, गाडीवर वाकलेला. मोटारसायकलसाठी कापलेलं जॅकेट उभं राहिल्यावर थोडं विचित्रच दिसतं: बाही आधीच वाकलेली, मागचा भाग पुढच्यापेक्षा लांब, पाठीत खांद्यांजवळ पसरणाऱ्या पट्ट्या. उभ्याने ऐटदार दिसणारं जॅकेट बऱ्याचदा फॅशनचं असतं. म्हणून दुकानदाराला विचारून बाहेर लावलेल्या स्वतःच्या गाडीवर बसून पाहावं. बुलेटवर माणूस जवळजवळ ताठ बसतो, स्पोर्ट्स गाडीवर टाकीवर झुकतो. एकाच माणसाला दोन्ही गाड्यांसाठी वेगळी लांबी लागते. हातमोजा आणि बाही यांच्यात चामडी दिसली किंवा मागे शर्ट दिसला, तर जॅकेट परत ठेवावं.

“मोठं घ्या, आपण आत घेऊन देऊ.”

कापडात उसवलेल्या शिवणीची भोकं कालांतराने बुजतात. लेदरमध्ये सुई आरपार छिद्र पाडते आणि ते कायम राहतं. त्यामुळे बगलेखालून कमरेपर्यंतची बाजू आत घेता येते, कमरेला पट्टा-बक्कल लावून ढगळपणा आवळता येतो. पण बाही वाढवता येत नाही, आणि खांदा आत घेणं म्हणजे अस्तर, पॅडचा खिसा आणि बाहीचा गोल सगळं उसवणं. गल्लीतल्या टेलरच्या मशीनला हे झेपत नाही. मोटारसायकलच्या सीटची कव्हरं शिवणाऱ्यांकडे जड मशीन असतं आणि त्यांचा हात चांगला बसलेला असतो, पण सुती दोरा वापरू देऊ नये. नायलॉन किंवा पॉलिएस्टरचा जाड दोरा हवा. घसरताना पुष्कळदा लेदर फाटण्याआधी शिवण सुटते.

“मापाचं शिवून घेणं म्हणजे पैसेवाल्यांचं काम.”

उंच-बारीक माणसासाठी हाच बहुतेकदा सरळ मार्ग आहे. अमरावती-मुंबई एक्स्प्रेस अकोल्यावरून रात्रभरात दादरला पोचवते आणि धारावीचा लेदर बाजार तिथून जवळ आहे. कारागीर माप घेऊन शिवून देतात. मात्र ते बहुधा फॅशनच्या जॅकेटचं लेदर दाखवतात, जाडी साधारण ०.७-०.८ मिलिमीटर. रस्त्यासाठी १.१ ते १.३ मिलिमीटर मागा. मेंढीचं कातडं मऊ पण लवकर फाटणारं, बकरीचं पातळ असूनही चिवट, म्हशीचं जाड आणि जड. पॅडचे खिसे आधीच ठरवा, नंतर ते लावणं अवघड जातं.

माप घरून नेलं तरी चालतं, पण ते गाडीवर बसून दुसऱ्याकडून घ्यायचं. मानेच्या वर आलेल्या मणक्यापासून पट्ट्यापर्यंत, पाठ वाकलेली असताना. खांद्याच्या हाडापासून वाकलेल्या कोपरावरून मनगटाच्या हाडापर्यंत. आणि खांद्यापासून कोपराच्या टोकापर्यंत वेगळं, म्हणजे पॅडचा खिसा नेमका कुठे बसवायचा ते कारागिराला कळतं. हे शेवटचं माप सहसा कोणी विचारत नाही, आपणच द्यावं.

तयार घ्यायचंच असेल तर युरोपीय नंबर वाचायला शिकावं. ५० म्हणजे साधारण १०० सेंटिमीटर छातीचा अर्धा आकडा. जर्मन पद्धतीत त्याच छातीच्या उंच-सडपातळ माणसाला ९८ हा वेगळा नंबर असतो. ४८ साठी ९४, ५२ साठी १०२. तिकडच्या काही कंपन्या या नंबरांत जॅकेटं काढतात.

“आपल्याइकडं एवढं ऊन, लेदर कायले पायजे?”

मे महिन्यात अकोल्यात पारा ४५ च्या वर जातो, त्यामुळे ही शंका रास्त आहे. भर दुपारी गावातल्या गर्दीत लेदर घालून थांबत-थांबत जाणं धोक्याचंच आहे. पण त्यावरून अर्ध्या बाहीचा शर्ट थंड असतो असं ठरत नाही. त्वचेचं तापमान साधारण ३५ अंश असतं. हवा त्याहून गरम असेल तर उघड्या हाताला लागणारं वारं उष्णता आत ढकलतं आणि घाम भराभर उडवून पाणी ओढून घेतं. दुपट्ट्याने डोकं-तोंड गुंडाळून आणि पांढरा सनकोट घालून स्कूटर चालवणाऱ्या आपल्या मुलींना हे अनुभवाने ठाऊक आहे. माझा हिशेब असा: मार्च ते जून पॅडवालं जाळीचं जॅकेट, नोव्हेंबर ते फेब्रुवारी लेदर.

आणि संरक्षणाची गरज वाढली आहे. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर सलग ७५ किलोमीटर एका पदराचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज विक्रम झाला. मूर्तिजापूरकडे जाताना जिथे खड्डे चुकवत गाडी हाकावी लागे, तिथे आता वेग सहज वाढतो.

“काडी लावून पाहा, जळलं नाही तर अस्सल.”

लेदरही जळतं, आणि अस्सलच्या वर लावलेला रंगही जळतो. खिशाच्या आतली किंवा शिवणीची कापलेली कड पाहावी: अस्सलमध्ये बारीक तंतू दिसतात, रेक्झिनमध्ये कापडाचं विणकाम. ‘जेन्युइन लेदर’ या शिक्क्याने दर्जा कळत नाही. कातड्याच्या खालच्या कमकुवत थरालाही तो लागतो. पीयूचं, म्हणजे कृत्रिम लेदरचं, जॅकेट आपल्या उन्हा-पावसात काही वर्षांत सोलायला लागतं, आणि रस्त्यावर घासताना त्याचा काही उपयोग नाही.

“पाऊस लागला की लेदर संपलं.”

भिजल्याने संपत नाही, वाळवण्याने बिघडतं. उन्हात किंवा शेगडीजवळ ठेवलेलं लेदर कडक होऊन आखडतं, आणि ज्याच्या बाहीत आधीच अर्ध्या इंचाची सवड नाही त्याचं जॅकेट तेवढ्यानेच कामातून जातं. रुंद खांद्याच्या हँगरवर, सावलीत, वाऱ्यावर दोन-तीन दिवस लटकवावं. वाळल्यावर लेदर कंडिशनरचा पातळ हात द्यावा. जुलै ते सप्टेंबर कपाटात प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलं तर बुरशी धरते, म्हणून सुती चादरीत ठेवून अधूनमधून बाहेर काढावं.