शिकाऊ चालकाच्या शेजारी कोण बसावे?

मोटारीच्या लायसन्सची वाट अलीकडे बरीच सोपी झाली आहे. 2021 पासून आपल्या राज्यात आधार क्रमांकाच्या साह्याने घरबसल्या परीक्षा देऊन कच्चे लायसन्स काढता येते. त्यासाठी सोयगावाहून जिल्ह्याच्या गावी खेप घालण्याचे कारण उरलेले नाही. सोय उत्तम झाली. पण होते काय, की कागद हाती पडताच मुलाला वाटते, झाले, आता रस्ता आपला! आणि वडीलही कौतुकाने किल्ली पुढे करतात.

येथेच घोटाळा होतो. कच्चे लायसन्स ही गाडी चालवायला शिकण्याची परवानगी आहे. एकट्याने गाडी नेण्याची नव्हे. सार्वजनिक जागी लायसन्सवाचून मोटार चालवू नये, असा 1988 च्या मोटार वाहन कायद्याचा दंडक आहे. शिकणाऱ्याला त्यातून सूट मिळते, ती अटींवर. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांपैकी तिसऱ्या नियमात त्या सांगितल्या आहेत. शिकणाऱ्याजवळ चालू मुदतीचे कच्चे लायसन्स हवे. गाडीच्या पुढे व मागे 18 सेंटिमीटर चौरस पांढऱ्या पाटीवर तांबडे ‘एल’ हे इंग्रजी अक्षर हवे. आणि सोबत शिकवणारा हवा.

आता हा शिकवणारा कोण? तो मोटार ट्रेनिंग स्कूलचाच असावा, असे हा नियम म्हणत नाही. वडील, थोरला भाऊ, वहिनी, मामा, कोणीही चालेल. मात्र तीन गोष्टी पाहा. त्यांचे लायसन्स पक्के आहे का? त्याची मुदत शिल्लक आहे का? आणि ते त्याच प्रकारच्या गाडीचे आहे का? समजा, भाचा जीप शिकतो आहे, शेजारी मामा बसले आहेत, पण मामांचे लायसन्स केवळ मोटारसायकलचे आहे. अशा वेळी मामा सोबत असून नसल्यासारखेच!

चौथी गोष्ट बसण्याच्या जागेची. गाडी आवरता किंवा थांबवता येईल अशा जागीच शिकवणाऱ्याने बसावे, असे नियम स्पष्ट सांगतो. यामागचे कारण ध्यानात घ्या. सोयगावाहून वेताळवाडीच्या किल्ल्याजवळून हळदा घाट चढताना शिकाऊ हाताकडून गाडी बंद पडली आणि मागे सरकू लागली, तर शेजारचा माणूस दोन सीटांमधला हँडब्रेक ओढू शकतो, स्टेअरिंगला हात घालू शकतो. मागच्या सीटवरून नुसते “ब्रेक दाब, ब्रेक दाब” ओरडता येते. शिकवणी गाड्यांत मास्तरांच्या पायाशी वेगळा ब्रेक असतो, तो याचसाठी. आणि घाट हा काही पहिल्या धड्याचा रस्ता नव्हे, हेही सांगून ठेवतो.

ब्रिटनमध्ये शेजारी बसणाऱ्याचे वय किमान 21 आणि त्याचे लायसन्स किमान 3 वर्षांचे असावे लागते. आपल्या नियमात असे बंधन नाही. म्हणून ते आपणच घालून घ्यावे. महिन्यापूर्वी पक्के लायसन्स मिळालेला मित्र कायद्याने चालेल, पण तो स्वतःच अजून रस्त्याला घाबरतो. मग दुसऱ्याला काय सावरणार?

मोटारसायकलची गोष्ट निराळी. कच्च्या लायसन्सवर मागे शिकवणाऱ्याखेरीज कोणालाही बसवता येत नाही. बहिणीला शाळेत सोडणे, आजीला बाजाराला नेणे ही कामे पक्के लायसन्स येईपर्यंत थांबवावीत.

ट्रॅक्टरलाही लायसन्स लागते. पण मडगार्डवर बसलेल्या माणसाचा पाय ब्रेकला पोचत नाही आणि धक्का बसला तर तो स्वतःच चाकाखाली जातो. म्हणून कापूस निघून गेलेल्या आपल्या मोकळ्या रानात, ट्रॉली सोडून, आधी हात बसवावा. फर्दापूरच्या हमरस्त्यावर ट्रॅक्टर शिकण्याचे धाडस करू नये.

“एवढ्या नियमाने काय बिघडते?” असे कोणी म्हणेल. तर घरातला विम्याचा कागद काढून वाचा. कच्चे लायसन्सवाला गाडी चालवू शकतो, पण तिसऱ्या नियमाच्या अटी पाळून, असे त्यातल्या ड्रायव्हरच्या कलमात सहसा लिहिलेले असते. कच्चे लायसन्स हेही लायसन्सच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2004 साली सांगितले, हे खरे. पण अटी मोडून अपघात झाला, तर भरपाईचा वाद दाराशी येतो आणि त्यात शेतही गहाण पडू शकते. गेलेला माणूस तर कोणत्याच भरपाईने परत येत नाही.

कच्चे लायसन्स 6 महिने चालते आणि पक्क्याची परीक्षा 30 दिवसांनंतर देता येते. म्हणजे सोबत द्यायची ती निदान महिनाभर. शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, बारावीच्या वर्गाला सुट्टीपूर्वी हे एकदा जरूर सांगा. आणि पालकांनो, किल्ली द्याल तेव्हा आपणही शेजारच्या सीटवर जाऊन बसा.