अस्थींचा पंचनामा

मनुष्याचा चेहरा आघाताखाली कोणत्या रेषांवर दुभंगतो, या प्रश्नाचा छडा लावण्यासाठी फ्रान्समधील लील येथील शल्यचिकित्सक रने ल फोर याने पस्तीस मृत मस्तकांवर दंडुक्याचे व इतर आघात केले, त्यांवरील त्वचा व मांस दूर करून भेगा न्याहाळल्या आणि १९०१ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. दातांवरून आडवी जाणारी, नाकाच्या मुळापासून मनोऱ्यासारखी उतरणारी आणि समग्र चेहऱ्यास कवटीपासून विलग करणारी, अशा तीन भंगरेषा आजही त्याच्याच नावाने ओळखल्या जातात.

परंतु अपघातानंतर रुग्णालयात आणलेल्या जिवंत माणसाचे मांस दूर सारण्याची सोय नसते. सुजेखाली गालाचा खळगा बुजून जातो, आणि क्ष-किरणांच्या साध्या चित्रात पुढचे-मागचे हाड एकाच सपाट छायेत मिसळते. ही गुंतागुंत सोडवणाऱ्या यंत्राचा पहिला प्रयोग गॉडफ्रे हाउन्सफील्डने घडविला: १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या विंबल्डन भागातील अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात एका रुग्णाच्या मेंदूचे छेदचित्र निघाले. पुढे १९७९ मध्ये अ‍ॅलन कॉर्मॅकसह त्यास नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच्याच नावाच्या मापनश्रेणीत पाणी शून्यावर, हवा उणे १००० वर आणि घट्ट हाड त्यांच्या पुष्कळ वर असते.

प्रारंभी डोळ्यांच्या खोबणीचे उभे छेद घ्यावयाचे तर रुग्णाची मान मागे वाकवावी लागे, आणि मानेच्या मणक्यास इजा झाल्याचा नुसता संशय असला तरी ते धोक्याचे होते. आता रुग्णास उताणा, स्थिर ठेवून घेतलेल्या मिलिमीटरभर वा त्याहून पातळ छेदांतून संगणक हव्या त्या दिशेचे चित्र रचून देतो. वाचणाऱ्याची नजर प्रथम वरच्या जबड्यामागील पंखाकार अस्थिपट्टिकांकडे जाते, कारण ल फोरच्या तिन्ही प्रकारांत त्या मोडलेल्या असतात. दोन्ही बाजूंच्या शाबूत दिसल्या तर तो निदानविचार बहुधा मागे पडतो. खालचा जबडा कड्यासारखा असल्याने एक भंग सापडताच दुसऱ्याचा शोध घ्यावा लागतो.

तथापि या पंचनाम्यास कामकाजात पहिले स्थान नाही. श्वासमार्ग मोकळा करणे आणि रक्तस्राव आवरणे ही कामे आधीची; डोळ्यामागे रक्त साचून दृष्टी मावळू लागली असेल, तर चित्राची वाट पाहत बसणे हीच चूक ठरते. म्हणून जाणता चिकित्सक पापण्या सुजून मिटण्यापूर्वीच रुग्णास विचारून घेतो: "किती बोटं दिसतात?"

लहान मुलाच्या बाबतीत तर यंत्रास चकविणारा प्रसंग येतो. मूल पडते, डोळा पांढरास्वच्छ, सूज नाममात्र, पण त्यास वांत्या होतात आणि नाडी मंदावते. खोबणीचा लवचीक तळ झडपेसारखा क्षणभर उघडून पुन्हा मिटलेला असतो, आणि त्या फटीत नेत्रस्नायू चिमटीत सापडलेला असतो. चित्रात हाड जवळजवळ जागच्या जागी दिसते. स्नायू मात्र आपल्या नेहमीच्या ठिकाणी दिसत नाही. तो तिथे नाही हे ध्यानी येण्यासाठी तो तिथे असावयास हवा, हे मनाशी धरूनच चित्रापुढे बसावे लागते. आणि ही शंका मनात येते ती खाटेशी वाकून, "बाळ, वर बघ," असे सांगितल्यावर एकच डोळा वर गेला, हे ज्याने पाहिले त्याच्या.