ट्रकचा पिवळा दिवा आणि कागदावरचा कोड

पिंपळगाव, लासलगाव, आडगाव या पट्ट्यात गल्लीत एक तरी मालट्रक उभा असतोच. स्टिअरिंग घरधन्याच्या नाहीतर मुलाच्या हातात, पण हप्त्याची वही पुष्कळ घरांत बाईच्या हातात. त्या वहीत मध्येच एक मोठा आकडा येतो. "सेन्सर गेलाय", "सायलेन्सरच बदलावा लागेल" असा गॅरेजमधून फोन येतो, आणि काय विचारावं ते सुचत नाही. ते विचारायचं कसं, हे आज बघू.

१ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे बीएस-६ चा नियम लागू झाला. त्यानंतरच्या मोठ्या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये साधारणपणे दोन कामं चालतात. एक जाळी काजळी अडवते. ती भरत आली की गाडी धूर जास्त तापवून काजळी जाळते. त्या वेळी आतलं तापमान साडेपाचशे-सहाशे अंशांवर जातं. म्हणून ट्रक कडब्याच्या गंजीजवळ लावू देऊ नका, पोरांना मागे खेळू देऊ नका. दुसरं काम डीईएफचं. ड्रायव्हर त्याला नुसतं 'युरिया' म्हणतात. त्यात ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि बाकी क्षार काढलेलं पाणी. तापलेल्या धुरात ते फवारलं की अमोनिया होतो, आणि छातीला त्रास देणाऱ्या नायट्रोजनच्या वायूंचं साधा नायट्रोजन आणि वाफ होते.

हे नीट चाललंय का, ते सेन्सर बघतात. बिघडलं की दिवा लागतो आणि गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये कोड साठतो. दुर्लक्ष केलं तर गाडी स्वतःच ताकद कमी करते. टोमॅटो भरलेली गाडी राहूड घाटात अशी अडली, तर भाडं आणि माल दोन्हींवर पाणी.

आता मुख्य गोष्ट. कोड म्हणजे तक्रार. कुठला भाग बदलायचा त्याची चिठ्ठी नव्हे. ताप आला म्हणजे मलेरियाच, असं नसतं ना, तसंच. मोठ्या गाड्यांत बहुधा दोन आकडे येतात: एसपीएन म्हणजे तक्रार कशाबद्दल, एफएमआय म्हणजे ती कुठल्या प्रकारची. एसपीएन १७६१ डीईएफच्या पातळीबद्दल, ३३६४ त्याच्या दर्जाबद्दल. ३२२६ म्हणजे सायलेन्सरच्या शेवटी बसवलेला वायू मोजणारा सेन्सर. त्याच्यापुढे एफएमआय ९ असेल, तर सेन्सरकडून निरोप वेळेवर पोचत नाहीये. सेन्सर मेला असेल, पण फ्यूज उडाला असेल, जोडात पाणी गेलं असेल, किंवा उंदराने वायर कुरतडली असेल. आधी हे बघायचं, मग महागाचा सेन्सर.

सगळ्यात फसवा कोड ४३६४. काही स्कॅनरवर अशाच अर्थाचा पी२०ईई दिसतो. वायू पुरेसे साफ होत नाहीत, एवढंच तो सांगतो. डीईएफ पातळ असेल, फवारणीच्या तोंडाशी पांढरे खडे साचले असतील, धुराची नळी फुटली असेल, सेन्सर चुकीचा आकडा देत असेल. हे सगळं तपासून झाल्यावरच आतला महाग भाग गेला असं म्हणायचं. स्वस्तातून महागाकडे जायचं. उलट दिशेने जाणारा मिस्तरी आपल्या पैशाने अंदाज बांधतोय, असं मी म्हणेन.

म्हणून फोनवर तीन गोष्टी विचारा. कोड कोणता, पूर्ण आकडे सांगा. तो भाग खराब आहे हे कशावरून ठरवलं? आणि काम झाल्यावर गाडी भरून चालवून पुन्हा स्कॅन कराल का? नुसता कोड पुसला की दिवा विझतो, पण काही तपासण्या गाडी चालल्याशिवाय होतच नाहीत, म्हणून तोच दिवा दोन दिवसांनी पुन्हा लागू शकतो.

एक मोह घरचाच. खताच्या गोणीतला युरिया पाण्यात कालवून टाकीत ओतायचा. शेतीच्या युरियाला निंबोळीचं आवरण असतं, विहिरीच्या पाण्यात क्षार असतात. दोन्ही मिळून फवारणीचं तोंड बुजवतात आणि आतला भाग खराब करतात. शिवाय अनुदानाचं खत दुसऱ्या कामाला वापरणं हा गुन्हा आहे. दुसरा मोह गॅरेजमधला: 'डबी' बसवून कॉम्प्युटरला खोटा निरोप द्यायचा. डीईएफचा खर्च वाचतो, पण गाडी विषारी वायू तसेच सोडते आणि हे बेकायदाही आहे. पीयूसी मिळालं म्हणून निर्धास्त राहू नका. डिझेल गाडीची ती तपासणी धुराचा काळेपणा मोजते, हे वायू नाही.

डीईएफ सीलबंद बादलीतलंच घ्या. उघडी बादली उन्हात ठेवू नका, ओतायला डिझेलचं नरसाळं वापरू नका. द्राक्षबागेत गोडी बघायला दुर्बिणीसारखं यंत्र असतं ना, तसंच डीईएफसाठीही मिळतं. थेंब टाकून उजेडाकडे धरलं की ३२.५ च्या रेघेपाशी आहे की नाही ते दिसतं. गटातल्या चार-पाच घरांत ट्रक असतील तर वर्गणी काढून एक घेता येईल. मापाची पट्टी डीईएफचीच आहे ना, तेवढं बघून घ्या. द्राक्षाची चालत नाही.